नीरेच्या पाण्याचं रसायन



हिर्डोशीच्या या व्याख्यानमालेच्या पत्रातून मला विषय कळवला होता तो असा : ‘रसायनशास्त्राची तोंडओळख – वायू, द्रावणं, आम्लं आणि आम्लारी’. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते विज्ञान शिकवायचे, तेव्हा विषय योग्यच आहे. पण पुस्तकात हे चार वेगळे धडे असतात. एक संपला की परीक्षा, मग दुसरा. त्यामुळे पोरांना वाटतं की वायू म्हणजे काचेच्या नळीत गोळा करायची वस्तू आणि आम्ल म्हणजे बाटलीवर कवटीचं चित्र असलेला द्रव. मी नीरा नदीच्या खालच्या काठचा माणूस. तुमच्या शिरगावच्या कुंडातून निघालेलं पाणी कालव्यानं आमच्या उसात येतं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यावर माझं असं मत झालंय की हे चारही धडे या एका पाण्यात सापडतात, आणि तेही ओळीनं. तेव्हा आज आपण पाण्याबरोबर चालत जाऊ. इथून सुरुवात आणि बारामती-फलटणकडे शेवट.

सुरुवात हवेपासून. हवेत कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो. दहा हजार लिटर हवेत जेमतेम चार लिटर, आणि हे प्रमाणही गेल्या दोनशे वर्षांत कोळसा-तेल जाळून वाढलेलं. पण हा वायू पाण्यात सहज विरघळतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्या मानानं फारच कमी विरघळतात. पाणी जितकं थंड तितका वायू जास्त मावतो, दाब जितका जास्त तितकाही जास्त. साध्या हवेच्या दाबाइतका शुद्ध कार्बन डायऑक्साइड पाण्यावर ठेवला तर शून्य अंशाला एका लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर वायू जातो. तेच पाणी २५ अंशाला पाऊण लिटरच्या थोडा वर वायू घेतं. जत्रेतल्या गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की जो फसफसाट होतो तो दाब सुटल्याचा. उन्हात तापलेली बाटली अंगावर येते ती तापमानाची करामत.

हा सोडा पहिल्यांदा केला तो इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टलीनं. १७६७ च्या सुमारास तो लीड्समध्ये एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबवणाच्या हौदावर हा वायू थराथरानं साचलेला असे. त्यात त्यानं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून पाहिलं आणि ते चवीला आंबूस लागलं. त्या आंबूसपणातच आजचा सगळा विषय आहे. वायू पाण्यात नुसता जाऊन बसत नाही, त्याचा थोडा भाग पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतो. म्हणजे ढगातून हिर्डोशीवर पडणारं पाणी, धूर-धुळीनं बिघडलेलं नसलं तरी, किंचित आम्लच असतं.

किती किंचित? हे मोजायला ‘सामू’ आहे. १९०९ साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या रसायनतज्ज्ञानं ही मोजपट्टी दिली. तीही बिअरवाल्यांचीच प्रयोगशाळा, रसायनशास्त्रावर त्या धंद्याचे उपकार बरेच आहेत. मोजपट्टीवर मधोमध सात, खाली आम्ल, वर आम्लारी. लक्षात ठेवायचं ते एवढंच की या पट्टीवरची एक पायरी म्हणजे दहा पट. निर्मळ पावसाचा सामू ५.६ च्या आसपास. इथल्या घाटमाथ्याच्या जमिनीचा अनेक ठिकाणी साडेपाच-सहा. आमच्याकडच्या बिघडलेल्या जमिनीचा साडेनऊपर्यंत जातो. साडेपाच आणि साडेनऊ म्हणजे चारचाच फरक, असं वाटतं. प्रत्यक्षात तो दहा हजार पटींचा आहे. आणि दोन्ही जमिनी एकाच नदीच्या, एकाच काळ्या दगडाच्या.

आता पाऊस जमिनीवर पडला. खरी गंमत इथून पुढे. पाणी पालापाचोळ्यातून मुरतं तेव्हा त्याला जमिनीच्या पोकळ्यांतली हवा भेटते, आणि ही हवा बाहेरच्या हवेसारखी नसते. मुळं श्वास घेतात, कुजणाऱ्या पानावर जिवाणू जगतात, त्यामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपट. झाड दगड फोडतं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे भेगेत शिरलेलं वडाचं मूळ येतं. मुळाच्या जोरापेक्षा त्याच्या श्वासानं फोडलेला दगड कितीतरी जास्त असतो.

हा दगड म्हणजे बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात सिलिकेबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, लोखंड, ॲल्युमिनियम बांधलेलं असतं. कार्बोनिक आम्ल दुबळं खरं, पण त्याला घाई नाही. ते दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेतं, आणि ते पाण्यातून बायकार्बोनेटच्या रूपानं निघून जातं. आम्ल या व्यवहारात खर्च होतं. म्हणून झऱ्याचं पाणी पावसाइतकं आम्ल राहत नाही, साताच्या आसपास किंवा थोडं वर येतं. मागे उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम, कारण ते या पाण्यात सहसा विरघळत नाही. काही हजार मिलिमीटर पाऊस आणि लाखो वर्षं यांचा गुणाकार केला की काळ्या दगडाची तांबडी माती होते. रायरेश्वरच्या पठारावर मातीचे निरनिराळे रंग पाहायला लोक मुद्दाम चढून जातात. पुष्कळसे रंग लोखंडाच्या ऑक्साइडचे आहेत. पाणी कमी धरलेलं ऑक्साइड लाल, पाणी धरलेलं पिवळं, आणि लोखंड धुऊन गेलेली माती पांढरट. या रंगांची पुराणातली कथा सांगणाऱ्यानं खुशाल सांगावी, माझी हरकत नाही. जोडीला ही दुसरीही सांगावी.

हिरडस मावळात येऊन हिरड्याचं नाव घेतलं नाही तर आम्लाचं प्रकरण पुरं होणार नाही. घरी जाऊन एक करून पाहा. हिरड्याचं टरफल कुटून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी पिवळट तपकिरी दिसेल, चव अशी तुरट की जीभ आखडते. त्यातलं थोडं पाणी लोखंडी तव्यावर किंवा गंजक्या खिळ्यावर ओता. पाहता पाहता ते निळसर काळं होतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड यांचं ते संयुग. हिराकस घालून हाच काळा रंग पक्का केला की शाई होते. आता त्या काळ्या पाण्यात लिंबू पिळा, काळेपणा उतरतो. चिमूटभर चुना टाकला तर रंग पुन्हा गडद होतो. लोखंडाला धरून ठेवायची टॅनिनची ताकद सामूवर अवलंबून असते, म्हणून हा खेळ.

वाळलेल्या हिरड्याच्या गरात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं टॅनिन निघतं. विद्यार्थ्यांनी इथे एक भेद ओळखावा. आम्ल ‘जास्त’ असणं वेगळं आणि ‘जहाल’ असणं वेगळं. हिरड्यात आम्लद्रव्य भरपूर, पण सगळं सौम्य. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की सगळंच्या सगळं सुटतं, हिरड्याचं आम्ल आपला थोडाच भाग मोकळा करतं आणि बाकीचा हातचा राखतं. म्हणूनच ते कातड्याला चालतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावताना आधी ते चुन्याच्या निवळीत ठेवतात. ती आम्लारी, तिनं केस सुटतात आणि कातडं फुगतं. चुना धुऊन काढला की मग बाभळीची साल आणि हिरडा. कातडं पिशवीसारखं शिवतात, त्यात हा काढा भरतात आणि टांगून ठेवतात, काढा आतून बाहेर झिरपत राहतो. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं आणि मग ते कुजत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बातम्यांत कारागिरीचं कौतुक भरपूर झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. आधी आम्लारी, मग आम्ल हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या न चुकणाऱ्या हातांच्या रसायनाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

हे झालं जंगलाचं. शेताकडे वळलो की पहिल्यांदा राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा भाजणं. शेण, टहाळ, पाचोळा, वर मातीचा थर, आणि वाऱ्याची दिशा पाहून पेटवायचं. तुम्हाला मी राब शिकवायला जाणं म्हणजे शहाणपणाची कमालच, पण त्यातलं रसायन सांगतो. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते आम्लारीधर्मी. राख कालवलेलं पाणी बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं, आणि राखेनं घासलं की भांड्याचा तेलकटपणा जातो, त्यात राखेच्या घासणीइतकाच या आम्लारीधर्माचा हात असतो. तुमच्या आम्ल जमिनीत राख पडली की त्या वाफ्यापुरता सामू वर येतो आणि रोपाला पोटॅश, चुना मिळतो. पण राख हे अर्धंच उत्तर. माती तापते तेव्हा तिच्यातला बांधलेला नत्र सुटा होऊन रोपाला घेता येईल अशा रूपात येतो, शिवाय तणाचं बी मरतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर पश्चिम भारतातल्या राबपद्धतीचा रासायनिक अभ्यास करून १९१२ साली तो छापला. मान मुळात रसायनतज्ज्ञ, आसामातल्या चहाच्या मळ्यांवर काम करून पुण्याला आलेले. साहेब लोक त्या काळी राबाला अडाणी नासाडी म्हणत. तिथे कुणीतरी भाजलेली माती प्रयोगशाळेत नेऊन तपासतो, हे मला मोठं वाटतं. टहाळासाठी झाडं बोडकी होतात हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्राकडे नाही. पण राब भाजणारा शेतकरी जमिनीच्या आम्लाला राखेच्या आम्लारीनं उत्तर देत होता, हेही तितकंच खरं.

खाचरात पाणी तुंबलं की पुन्हा वायूचा धडा. पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो, २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास. चिखलातले जिवाणू तो झपाट्यानं संपवतात आणि मग मातीतल्या लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतात. लाल लोखंड विरघळणाऱ्या रूपात येतं, चिखल निळसर करडा होतो. या प्रक्रियेत आम्ल खर्ची पडतं, म्हणून आम्ल जमिनीत पाणी उभं राहिलं की काही आठवड्यांत सामू आपोआप सातच्या दिशेनं सरकतो. भात या मातीत सुखानं राहतो त्याचं हे एक कारण. बांधाच्या कडेला, पाझराच्या डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. पुष्कळांना वाटतं कुणाच्या इंजिनाचं तेल सांडलं. काडीनं ढवळून पाहा. तेल असेल तर तवंग फाटून लगेच पुन्हा जुळतो. लोखंडाचा असेल तर काचेसारखे तुकडे पडतात आणि ते तुकडेच तरंगत राहतात. खालून वर आलेलं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला भेटतं तिथे ही साय धरते.

आता पाणी खाली चाललं. देवघरचं धरण, भोर, पुढे भाटघरकडून आलेली वेळवंडी, वेल्ह्याकडून आलेली गुंजवणी, आणि मग वीरचं धरण. या टप्प्यावर नीरेचं पाणी उत्तम आहे. साबणाला फेस येतो, डाळ मऊ शिजते. पण ते मोकळ्या हातानं आलेलं नाही. घाटमाथ्याच्या दगडातून सोडवलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम त्याच्या अंगात विरघळलेलं आहे. स्वच्छ पाणी म्हणजे काही नसलेलं पाणी, ही समजूत बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातींनी पसरवलेली. द्रावण पारदर्शकच असतं. त्यात काय आहे ते ते आटल्यावर कळतं.

आटवून पाहणं सोपं आहे. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यानं बंब वर्षभर चालवला की आत पांढरा खार बसतो. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, भांड्याला धरते. चिंचेच्या कोळानं ती निघते, कारण चिंचेतलं आम्ल ती पुन्हा विरघळवतं. जमिनीतही हेच चालतं, फक्त बंबाऐवजी ऊन आणि मुळं पाणी आटवतात. खालच्या काळ्या जमिनीत हात-दोन हात खणलं की चुनखडीचे खडे लागतात ते यामुळे. तुमच्या डोंगरानं सोडलेलं कॅल्शियम तिथे येऊन बसलंय. ती चुनखडी गोळा करून भट्टीत भाजली की पुन्हा वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी शंभर किलो असेल तर ४४ किलो वायू हवेत जातो आणि ५६ किलो कळीचा चुना हातात राहतो. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनं १७५० च्या दशकात हे वजनाच्या काट्यावर पकडलं, तोवर दगडात हवा कोंडलेली असते यावर कुणाचा विश्वास बसला नसता. चुना विझवून, घाण्यात मळून भिंतीत घातला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि दगड होतो. रोहिड्याच्या तटावर हात ठेवाल तेव्हा जुन्या दरजांत जिथे चुना शाबूत आहे, तिथे शिवकाळापासूनची हवा कोंडलेली आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता मी ज्यासाठी आलो तो भाग. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी पट्ट्यात, जिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, बारमाही पाणी आलं. ऊस आला, पैसा आला. आणि पंचवीस वर्षांच्या आत जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यासाठी पुस्तिका लिहिली ती १९१० ची. सोरेन्सनची मोजपट्टी निघून तेव्हा एकच वर्ष झालं होतं, ती इकडे पोचायची होती. क्षार काढून तोलायचे आणि आम्ल थेंबाथेंबानं टाकून आम्लारी मोजायची, हाच तेव्हाचा सर्रास मार्ग. पण नीरेच्या वरच्या अंगाचा राब आणि खालच्या अंगाची क्षारफुटी, दोन्हींवर दोन वर्षांच्या अंतरानं एकाच माणसाचं नाव यावं, हे मला योगायोगापेक्षा अधिक वाटतं. रसायनाच्या नजरेनं पाहणाऱ्याला हे एकच खोरं दिसलं असणार.

जमिनी बिघडल्या कशा? हिशेब करून पाहा. समजा कालव्याच्या एका लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम क्षार आहेत. हे पाणी चांगलंच म्हणायचं. उसाला हेक्टरी वर्षाला दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, तर ते झालं दोन कोटी लिटर. क्षार झाले चार टन. पीक पाणी घेतं, क्षार जवळपास सगळे मागे ठेवतं. पाऊस एवढा नाही की धुऊन नेईल. दरवर्षी हेक्टरी चार टन, तेही गोड्या पाण्यातून! त्यात पाट सोडून पाणी भरायची सवय. भूजलाची पातळी वर चढली, चार-पाच फुटांवर आली, की काळी माती ते पाणी बारीक पोकळ्यांतून वर खेचते, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि मीठ फुटतं.

इथवर नुसता क्षार साचला. ती जमीन खारवट. ती धुता येते. पण पुढची पायरी वाईट. पाणी आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. सगळ्यात कमी विरघळणारं आधी. म्हणजे कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला पडतं आणि द्रावणात सोडियम उरतं, बायकार्बोनेट आणि कार्बोनेटच्या रूपात. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा. सामू साडेआठच्या वर चढतो. चुनखडीनं एकटीनं तो एवढा चढत नाही, तिची मर्यादा साधारण ८.४. साडेआठच्या वर आकडा दिसला की सोडियमचा संशय घ्यायचा. बुलढाण्यातलं लोणारचं सरोवर हे याच गोष्टीचं टोक : तिथलं पाणी बाहेर जातच नाही, भोवतालचा दगड तोच बसाल्ट, आणि पाण्याचा सामू दहाच्या घरात.

सोडियमनं मातीचं काय होतं? मातीचे बारीक कण विजेच्या ऋण भारामुळे आपल्याभोवती कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून ठेवतात आणि अदलाबदल करतात. कॅल्शियमचा भार दुहेरी, त्यामुळे कण एकमेकांना धरून राहतात, माती भुसभुशीत होते. सोडियम आला की कण सुटतात. ओली असताना चिखल बुळबुळीत, पाणी मुरत नाही, वाळली की फरशी. हीच चोपण. सेंद्रिय अंश सोड्यात विरघळून वर येतो आणि जमिनीवर काळपट तेलकट डाग दिसतात. पांढरी जमीन पाहून शेतकरी घाबरतो. घाबरायचं ते काळ्या डागांना पाहून.

हे इथेच करून दाखवतो. टेबलावर दोन ग्लास आहेत. एकात तुमच्या शाळेमागची माती, दुसऱ्यात मी आणलेली. दोन्हींत दुप्पट पाणी घालून सुरुवातीला ढवळून ठेवलं होतं. हिर्डोशीच्या मातीवरचं पाणी निवळलंय. माझ्याकडचं अजून गढूळ आहे, उद्या सकाळीही ते असंच दिसेल, कारण सोडियमनं कण सुटे केलेत. आता हळदीचा कागद. हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात टिपकागद बुडवून वाळवला, बाकी काही नाही. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो, तोच गुण. तुमच्या पाण्यात कागद पिवळाच. माझ्यात विटकरी. ही प्रयोगशाळेची जागा घेणारी चाचणी नाही, सामू आठाच्या वर गेला एवढंच ती सांगते, पण बांधावर तेवढंही पुरतं.

उपाय विचारला की पोरं सांगतात, आम्लारी आहे तर आम्ल ओता. परीक्षेत निम्मे गुण मिळतील. खरं काम आहे कणांवरून सोडियम हटवायचं, आणि त्याला हटवायला कॅल्शियम लागतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम कणावर बसतं, सोडियम सल्फेट होऊन पाण्यात जातं. कॅलिफोर्नियातल्या अशाच जमिनींवर यूजीन हिलगार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग घालून दिला. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं : जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते चुनखडीशी भिडतं आणि जागच्या जागी जिप्सम तयार होतं. चुनखडी आहे का हे पाहायला मातीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसली तर आहे. तो बुडबुडा म्हणजे पुन्हा तोच आपला वायू, घाटमाथ्यावर पावसात शिरलेला.

पण सोडियम सल्फेट पाण्यात गेलं, ते पाणी कुठे गेलं? चर नसेल, जमिनीखालून निचरा नसेल, तर ते तिथेच राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतं. निचऱ्यावाचून जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, आणि आमच्याकडे ते सर्रास चालतं. गोणी दिसते, चर दिसत नाही, आणि चराला शेजारच्या बांधाची परवानगी लागते. नीरेकाठी पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघालं. आज जो फुले २६५ ऊस खारवट जमिनीत लावतात तो तिथलाच. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ज्ञानाची टंचाई नाही. क्षार सोसणारा ऊस ही सोय आहे खरी, पण तो क्षार बाहेर काढत नाही, नुसता सहन करतो. बियाणं विकत मिळतं आणि निचरा गावानं मिळून करावा लागतो, म्हणून आपण सोय निवडतो असं माझं स्पष्ट मत आहे. आणि निचऱ्याचं पाणी पुन्हा नीरेतच सुटतं, नरसिंहपूरला भीमेत जातं, खालचे लोक ते वापरतात, याचंही उत्तर आम्ही दिलेलं नाही.

आता अखेरचा मुद्दा, खास तुमच्यासाठी. धरणात जमीन गेलेल्यांना लाभक्षेत्रात जमीन देण्याची तरतूद आपल्या पुनर्वसन कायद्यात आहे. या खोऱ्यातल्या कुणाला खाली कालव्याकाठी जमीन मिळाली, मिळणार असेल, किंवा कुणी विकत घेणार असेल, तर इथली सवय घेऊन तिथे उतरू नका. इथे राख चांगली, तिथे ती आगीत तेल. इथे चुना टाकला तर भलं होईल, तिथे चुनखडी आधीच पोटभर आहे. इथे पाणी भरून ठेवलं तर सामू सुधारतो, तिथे भरून ठेवलं तर बिघडतो. सातबारा पाहायला जाल तेव्हा कुदळ बरोबर न्या. उन्हाळ्यात जा, पावसाळ्यानंतर सगळीच जमीन देखणी दिसते. चार-पाच फूट खड्डा घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी त्यात पाणी साचलं असेल तर भूजल वर आहे. वरच्या वितीची आणि दोन-तीन फुटांवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, एकत्र करू नका, आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत सामू, क्षारता आणि विनिमयक्षम सोडियम हे तीनही आकडे मागा. नुसता नत्र-स्फुरद-पालाशचा कागद घेऊन परत येऊ नका. शेजारच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत घ्या. आणि व्यवहाराच्या बोलणीत ‘थोडं मीठ फुटतं, धुऊन निघेल’ असं कुणी म्हणालं, तर चर कुठे काढायचा आणि तो कुणाच्या शेतातून न्यायचा, हे त्याच्याकडून आधी दाखवून घ्या.